हामारचे भग्न कॅथेड्रल: मार्गदर्शकाने नेमके काय दाखवावे?

म्योसाकाठ

ऑस्लोहून उत्तरेकडे निघालेली रेल्वे सव्वा-दीड तासात म्योसा या नॉर्वेतील सर्वांत मोठ्या सरोवराच्या काठावरील हामार या गावी पोहोचते. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या वेगवान स्केटिंगच्या शर्यती येथेच झाल्या, त्यामुळे अनेकांना हे नाव त्या निमित्ताने आठवेल. गावाच्या एका टोकाला जमिनीची एक जीभ सरोवरात शिरली आहे आणि तिला ‘कॅथेड्रलचे टोक’ अशा अर्थाचेच नाव आहे. तेथील संग्रहालयाच्या आवारात दोन वास्तू थोड्या अंतरावर उभ्या आहेत. पहिली म्हणजे बाराव्या शतकातल्या कॅथेड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, अवशेष, ज्यांच्यावर १९९८ मध्ये काच आणि पोलाद यांचे प्रचंड आच्छादन उभारले गेले. दुसरी म्हणजे बिशपच्या गढीच्या अवशेषांवर पुढे बांधलेला शेतवाडीचा गोठा व कोठार, ज्याचे संग्रहालय वास्तुविशारद स्वेर्रे फेन यांनी १९६७ पासूनच्या काही वर्षांत घडवले.

आई-बाबा गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आले होते, तेव्हा आम्ही तिघांनी तेथील वास्तुरचनेवरची मार्गदर्शित फेरी केली. तिच्याविषयी सविस्तर लिहावे आणि जाणकारांचे मत घ्यावे, यासाठी हा धागा काढत आहे.

आधी इतिहास थोडक्यात. पोपचे दूत म्हणून निकोलस ब्रेकस्पिअर नॉर्वेत आले असताना, म्हणजे ११५२-५३ च्या सुमारास, हामारला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. हेच ब्रेकस्पिअर पुढे एड्रियन चौथे या नावाने पोप झाले आणि आजवर त्या पदावर बसलेले ते एकमेव इंग्रज आहेत. त्यानंतर स्थानिक चुनखडीच्या दगडात, गोल कमानींच्या रोमनेस्क पद्धतीने कॅथेड्रल उभे राहिले. १५३७ मध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत अखेरचे कॅथलिक बिशप मोगेन्स यांना कैद करून डेन्मार्कला नेण्यात आले. १५६७ मध्ये, उत्तर युरोपातल्या सात वर्षांच्या युद्धात, स्वीडिश सैन्याने कॅथेड्रल आणि गढी दोन्ही उद्ध्वस्त केली. १५८७ मध्ये गावाचा व्यापाराचा हक्कही गेला आणि गाव ओस पडले. आजचे हामार १८४९ मध्ये नव्याने वसवलेले आहे. मधल्या काळात कॅथेड्रलचे दगड इतर बांधकामांसाठी उचलले गेले, त्यामुळे आज जे शिल्लक आहे ते मुख्यतः मधल्या दालनाच्या कमानींची एक रांग, काही भिंतींचे भाग आणि जमिनीलगतचा आराखडा एवढेच आहे.

आमच्या मार्गदर्शिकेने हा सगळा इतिहास पाच मिनिटांत आटोपला आणि मला ते फार योग्य वाटले. पुढचा सव्वा तास तिने आम्हांला केवळ सांधे दाखवले. जुने कोठे संपते, नवे कोठे सुरू होते, आणि त्या दोहोंमध्ये किती अंतर सोडले आहे, एवढाच तिचा विषय होता. एका ठिकाणी तिने आम्हां दहा-बारा जणांना गोठ्याच्या भिंतीपाशी उभे केले. त्या भिंतीत कोण जाणे कधी पडलेले एक खिंडार आहे, कडा वेड्यावाकड्या, दगड निखळलेले. नेहमीच्या पद्धतीत गवंड्याने ते चौकोनी करून घेतले असते आणि मग तिथे चौकट बसवली असती. फेन यांनी तसे न करता काचेचे एकच मोठे तावदान भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, खिंडारापेक्षा मोठे असे, चौकटीशिवाय लावून टाकले आहे. आतून पाहिले की खिंडार जसेच्या तसे दिसते, वारा मात्र येत नाही. बाबांनी (ते चाळीस वर्षे बांधकाम खात्यात होते) त्या काचेच्या कडेला बोट लावून बराच वेळ पाहिले आणि मला म्हणाले, “भिंतीला त्रास न देता खिडकी केली आहे.”

माझे म्हणणे असे आहे की भग्न वास्तूची मार्गदर्शित फेरी अशीच असावी. वास्तू एके काळी कशी असेल याचे कल्पनाचित्र डोळ्यांपुढे उभे करण्यापेक्षा, ती कशी मोडली, मोडल्यावर तिचे काय झाले आणि आज तिला कोणी कसे धरून ठेवले आहे, हे दगडाला दाखवून सांगावे. आपले काय मत आहे?

पायरी

लेख आवडला. एक व्यावहारिक प्रश्न आहे. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. उत्खननाचे अवशेष, गोठा आणि भग्न भिंती म्हटल्यावर मला पायऱ्या आणि खाचखळगे दिसू लागतात. आपल्या आईंना ही फेरी झेपली का?

म्योसाकाठ

@पायरी, आपल्या प्रश्नातच त्या संग्रहालयाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आली आहे. फेन यांनी अंगणातून काँक्रीटचा एक उतारमार्ग काढला आहे. तो वळण घेत चढतो, इमारतीत शिरतो आणि उत्खननात निघालेल्या मध्ययुगीन भिंतींच्या वरून, त्यांना न टेकता, पुलासारखा पुढे जातो. इमारतीच्या तीन बाजू आहेत. एकीत ग्रामजीवनातल्या वस्तू, मधलीत मध्ययुगीन अवशेष आणि तिसरीत सभागृह आहे, आणि त्यांना जोडणारा मुख्य धागा म्हणजे हा मार्ग. आईचाही एक गुडघा दुखतो. ती कठड्याला हात लावून, मध्ये थांबत, सावकाश वर गेली. एका जागी थांबून तिने खाली पाहिले तर बरोबर तिच्या पायांखाली बिशपच्या गढीच्या भिंती होत्या. ती म्हणाली की वरून पाहिल्यामुळे तिला खोल्यांची मांडणी समजली, खाली उतरून त्या दगडांमध्ये उभी राहिली असती तर कदाचित समजली नसती.

कॅथेड्रलच्या भागात जमीन तुलनेने सपाट आहे, तरी जुनी फरसबंदी व जोती लक्षात घेऊन चालावे लागते. जाण्यापूर्वी संग्रहालयाकडे चौकशी करणे उत्तम.

दिंडीदरवाजा

फेन यांच्या कामाबद्दल आदर आहे, परंतु कॅथेड्रलवरच्या काचेच्या आच्छादनाबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो. मी तेथे दोन वेळा गेलो आहे. दुरून येताना सरोवराच्या काठी उतरत्या काचांचा तो डोलारा दिसतो, आणि त्या भग्न कमानी त्याच्या पोटात गेलेल्या असतात. भग्न वास्तूचे सौंदर्य तिच्या उघडेपणात असते. पाऊस, बर्फ, दगडांवरचे शेवाळे, कमानीतून दिसणारे आभाळ, हे सगळे त्या वास्तूच्या आयुष्याचा भाग झालेले असते. शतकानुशतके ती तशी उभी होती. तिला काचेखाली ठेवले की ती वास्तू उरत नाही, पेटीतली वस्तू होते. मार्गदर्शक काहीही सांगोत, आत उभे राहिल्यावर माझे लक्ष वर पोलादी नळ्यांच्या सांगाड्याकडेच जात होते.

ओळंबा

@दिंडीदरवाजा, आपली खंत मी समजू शकतो, कारण मीही उघड्या भग्नावशेषांमध्येच वाढलो आहे. वसईच्या किल्ल्यातील छप्पर नसलेली चर्चे माझ्या बालपणीच्या आठवणींचा भाग आहेत, आणि पुढे मी जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीचेच काम केले. त्यामुळे या विषयाची तांत्रिक बाजू थोडी विस्ताराने मांडतो.

दगडी भिंत ही मुळात उघड्यावर राहण्यासाठी बांधलेली नसते. तिच्या डोक्यावर छप्पर असेल हे गृहीत धरूनच ती रचली जाते. जाड भिंतीचे बाहेरचे आणि आतले दर्शनी दगड घडीव असतात, पण मधला गाभा हा लहानमोठ्या दगडांचा आणि चुन्याचा भराव असतो. छप्पर गेले की भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी थेट त्या भरावात उतरते आणि चुना हळूहळू धुऊन नेते. बाहेरून भिंत धडधाकट दिसते, आत मात्र ती पोकळ होत जाते. आपल्याकडे त्या मोकळ्या झालेल्या माथ्यावर वड-पिंपळ रुजतात आणि मुळ्या भिंत फोडतात. आपला शत्रू पाऊस आणि पिंपळ, त्यांचा शत्रू पाऊस आणि गोठण.

गोठण हे फार क्रूर प्रकरण आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. चुनखडीच्या दगडातील सूक्ष्म छिद्रांमध्ये आणि दगडांमधल्या सांध्यांमध्ये शिरलेले पाणी गोठले की आतून दाब देते, वितळले की आणखी खोल शिरते, पुन्हा गोठते. हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, जेव्हा तापमान शून्याच्या वर-खाली होत राहते, तेव्हा हे चक्र वारंवार घडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्यात विसाव्या शतकातल्या आम्लयुक्त पावसाची भर पडली. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आम्ल सहन होत नाही. म्हणजे जी भिंत चार शतके हळूहळू झिजत होती, तिची झीज गेल्या शतकात वेगाने होऊ लागली. ती “तशीच उभी होती” हे म्हणणे म्हणूनच पूर्ण बरोबर नाही. ती दर हिवाळ्यात थोडी थोडी पडत होती.

अशा वेळी पर्याय थोडे असतात. एक, भिंतीच्या माथ्यावर थर देऊन तो वारंवार दुरुस्त करत राहणे. यात सिमेंट वापरले तर ओल आत कोंडते आणि मूळ दगड अधिक खराब होतो, ही चूक आपल्याकडे किल्ल्यांवर अनेक ठिकाणी झालेली मी पाहिली आहे. घाण्यावर मळलेल्या चुन्याची जागा सिमेंटने घेतली की पुढच्या दहा-पंधरा पावसाळ्यांत शेजारचा जुना दगड भुगा होऊन गळू लागतो. दोन, अवशेष पुन्हा मातीखाली गाडणे, म्हणजे ते वाचतात पण कोणालाच दिसत नाहीत. तीन, नवे छप्पर. हामारने तिसरा पर्याय निवडला, आणि छप्पर अपारदर्शक न करता काचेचे केले, जेणेकरून आपल्याला हवे असलेले आभाळही राहील.

दिंडीदरवाजा

@ओळंबा, इतक्या तपशीलवार उत्तराबद्दल मनापासून आभार. भिंतीच्या गाभ्याबद्दलची माहिती मला नवी होती. आच्छादनाची गरज होती, हे मी आता मान्य करतो. माझा आक्षेप आकाराबद्दल शिल्लक राहतो. संरक्षणच करायचे होते तर साधे, ठेंगणे छप्पर पुरले असते. एवढी उंच, स्वतःच प्रार्थनागृहासारखी वाटणारी रचना करण्याची आवश्यकता होती का?

ओळंबा

ठेंगणे छप्पर कमानींच्या माथ्यावर टेकल्यासारखे झाले असते, आणि तेथील बर्फ उतरण्यासाठी तीव्र उतार लागतोच. त्याखेरीज काचेखाली ऊन कोंडते. उन्हाळ्यात आत गरम होते, हिवाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दव धरण्याचा धोका असतो आणि ते दव दगडावर ठिबकले तर सगळा खटाटोप व्यर्थ. हवेचा मोठा घनफळी साठा आणि तिला वर-खाली फिरायला जागा, ही अशा आच्छादनात निव्वळ शोभा नसते. अर्थात लुंड आणि स्लोत्तो या वास्तुविशारदांच्या कार्यालयाने या आच्छादनाची रचना करताना केवळ तांत्रिक विचार केला नसणार हे उघड आहे. तुम्ही म्हणता तसा प्रार्थनागृहाचा भाव त्यात आहे, आणि तो मला खटकत नाही.

रानजाई

त्या भावाबद्दल मी लिहू शकते. मी हामारपासून जवळच राहते आणि त्या काचेच्या कॅथेड्रलमध्ये एका समूहगायनाच्या कार्यक्रमाला गेले होते. तेथे प्रार्थना, विवाह आणि संगीताचे कार्यक्रम होतात, म्हणजे ज्या कामासाठी बाराव्या शतकात ती जागा बांधली गेली, त्यातले बरेचसे काम ती आज पुन्हा करते आहे. संग्रहालयाचे प्रदर्शन आणि चालती वास्तू या दोन्ही गोष्टी एकाच भिंतींना लाभणे मला दुर्मीळ वाटते.

जून महिन्याची संध्याकाळ होती, रात्री नऊ वाजता लखलखीत उजेड होता. गायक जुन्या कमानींच्या रांगेसमोर उभे होते. काच आणि दगड यांवरून येणारा नाद एकसारखा नसतो. दगडाकडून येणारा स्वर थोडा मऊ आणि मागाहून येतो, काचेकडून येणारा धारदार असतो. संथ, लांब स्वरांची जुनी प्रार्थनागीते तेथे अप्रतिम वाटली, जलद लयीच्या रचनांमध्ये मात्र शब्द एकमेकांत मिसळून गेले. एका गाण्यानंतर कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि त्या शांततेत वर कोठेतरी पोलाद थंड होताना होतो तसा बारीक ‘टक्’ आवाज येत राहिला. त्या क्षणी मला ती नवी रचनाही जिवंत वाटली. @दिंडीदरवाजा, शक्य झाल्यास पुढच्या वेळी संध्याकाळी, एखाद्या कार्यक्रमाला जाऊन पाहावे.

जांभादगड

गोव्याचा रहिवासी म्हणून या चर्चेत एक समांतर उदाहरण मांडावेसे वाटते. जुन्या गोव्यातील मोंते सांतो टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या चर्चचे अवशेष आहेत. ते मध्ययुगीन नाही, सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवरचे आहे, पण प्रश्न तोच आहे. १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आल्यानंतर ते ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे कमानदार छप्पर कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज जांभ्याचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा एकटा उभा आहे. जांभा हा सच्छिद्र दगड, त्यावर मूळचा चुन्याचा गिलावा होता. गिलावा गेल्यावर कोकणपट्टीचा पाऊस थेट दगडात उतरतो.

तेथे मी पर्यटकांना नेहमी घेऊन जातो. बहुतेकांना ऐकायची असते ती जॉर्जियाची राणी केतेवान हिची कथा, जिच्या अस्थींचा शोध तेथे लागला आणि ज्या अस्थी २०२१ मध्ये भारताने जॉर्जियाला भेट दिल्या. कथा महत्त्वाची आहेच. परंतु म्योसाकाठ यांचा लेख वाचल्यावर मला जाणवले की मी स्वतः पर्यटकांना त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी नेऊन, कोठे गिलाव्याचा तुकडा शिल्लक आहे आणि कोठे तो गेल्यामुळे जांभा कसा खवलेदार झाला आहे, हे कधीच दाखवलेले नाही. दोन्ही पृष्ठे शेजारी शेजारी आहेत. बोट ठेवून दाखवता येतील.

पायरी

@जांभादगड, आपण पुढच्या वेळी ते दाखवल्यास त्याचा अनुभव येथे अवश्य लिहा. पर्यटक अशा तांत्रिक गोष्टींना कंटाळतात का, हा मला पडलेला प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी युरोपातल्याच एका भग्न मठात आम्ही मार्गदर्शित फेरी केली होती. मार्गदर्शकाने दीड तास केवळ राजे, बिशप आणि सनावळी सांगितल्या. माझी दहा वर्षांची मुलगी शेवटी भिंतीला टेकून बसली आणि तिने भिंतीतल्या दगडांवर कोरलेल्या लहान खुणा शोधून काढल्या. त्या पाथरवटांच्या खुणा होत्या असे मला नंतर एका पाटीवरून कळले. त्या फेरीतले तिला आज तेवढेच आठवते.

म्योसाकाठ

@पायरी, आपल्या मुलीने जे केले तेच उत्तम मार्गदर्शकाने सगळ्यांकडून करवून घ्यावे. आमच्या गटात दोन शाळकरी मुले होती. मार्गदर्शिकेने त्यांना एकच काम दिले होते: उतारमार्गावरून चालताना काँक्रीट जुन्या दगडाला कोठे कोठे टेकले आहे ते मोजायचे. मुले वाकून, आडवी होऊन पाहत होती. आणि मुले पाहत होती म्हणून मोठेही पाहू लागले.

@ओळंबा यांनी भिंतीच्या गाभ्याविषयी लिहिले ते मला तेथेच प्रत्यक्ष दिसले होते, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. कॅथेड्रलमध्ये एके ठिकाणी भिंत आडवी कापल्यासारखी तुटली आहे. दोन्ही कडांना नीट तासलेले करडे दगड, आणि मध्ये मुठीएवढ्या दगडांचा खच, त्यांच्यामध्ये पांढुरका चुना. बाबांनी तेथे मार्गदर्शिकेला विचारले की हा चुना मूळचा आहे की नंतर भरलेला. तिने प्रामाणिकपणे सांगितले की त्या विशिष्ट जागेबद्दल तिला खात्री नाही, आणि ती विचारून कळवेल. बाबांना तिचे ते उत्तर संपूर्ण फेरीपेक्षाही अधिक आवडले.

फेन यांच्या छपराबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली. गोठ्याचे नवे छप्पर जुन्या भिंतींवर अवलंबून ठेवलेले नाही. लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेले खांब आणि तुळया आतून स्वतंत्रपणे उभ्या आहेत. म्हणजे दगड, काँक्रीट आणि लाकूड, तिघांचेही पाय वेगवेगळे. वस्तूंची मांडणीही तशीच आहे. शेतीची अवजारे, घरातली भांडी अशा साध्या वस्तूंना लोखंडाचे स्वतंत्र आधार करून दिले आहेत, जणू प्रत्येक वस्तूला तिच्या मापाची जागा शिवून दिली आहे.

दिंडीदरवाजा

या महिन्याअखेरीस माझे हामारला जाणे होणार आहे. @रानजाई, कार्यक्रमांची माहिती मी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहीन. @ओळंबा, काचेच्या आच्छादनाचे खांब जमिनीत कोठे उतरवले आहेत आणि अवशेषांपासून किती दूर आहेत, हे पाहताना नेमके काय लक्षात घ्यावे?

ओळंबा

तीन गोष्टी पाहाव्यात. पाया जुन्या जोत्याच्या किती जवळ खोदला आहे, छपरावरून उतरणारे पाणी कोठे गोळा होऊन कोठे जाते, आणि दुपारच्या उन्हात कमानींच्या दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या अंगाला हात लावण्याची परवानगी असल्यास दगडाच्या तापमानात फरक जाणवतो का. तिसऱ्या गोष्टीचे उत्तर मला स्वतःला हवे आहे. परवानगी नसल्यास हात लावू नये, मार्गदर्शकाला विचारावे.